उघडं खातं: देणगीच्या हिशोबासाठी खासगीपण सोडलेल्या एका शिक्षकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही आणि गाव ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. सर, त्यांच्या पत्नी आणि त्या मुलीचे आईवडील अशा चौघांनी मजकूर वाचून होकार दिला, तेव्हाच तो बाहेर काढतो आहे. हे आधीच सांगायचं कारण असं, की या प्रकरणात जे नुकसान झालं त्यातलं बरंचसं होकार न विचारल्यामुळे झालं.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा जन्मजात आजार होता. दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवायला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं, वारंवार रक्त दिल्याने शरीरात साठणारं लोह उतरवायला रोज औषध द्यायचं, असं ती अगदी लहान असल्यापासून चाललेलं. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक, आई रोजंदारीवर. २०२३ च्या उन्हाळ्यात धाकट्या भावाची एचएलए तपासणी, म्हणजे त्याच्या पेशी बहिणीला चालतील का हे बघणारी तपासणी, झाली आणि ती जुळली. म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण करता येणार होतं. पुण्याच्या रुग्णालयाने साडेचौदा लाखांचा अंदाज दिला.

पैसे कुठे गोळा करायचे, हा पहिलाच प्रश्न होता. मुलीच्या वडिलांचं बँकेत जे खातं होतं ते पूर्ण केवायसी न झालेलं ‘लहान खातं’. अशा खात्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा चालत नाही. नवीन खातं काढायला कागदपत्रं हवीत. आधारवरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव वेगळं, ते दुरुस्त व्हायला महिना-दीड महिना लागणार. रुग्णालयाने तारीख दिलेली. सर म्हणाले, “तोवर माझ्या खात्यावर घेऊ.” ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःचा क्यूआर कोड घालून आवाहन पाठवलं. ते खातं त्यांच्या पगाराचं होतं. त्यातूनच किराणा, विम्याचा हप्ता, सासूबाईंची औषधं, मुलाची फी जायची.

मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. मला विचारलं असतं, तर पगाराच्या खात्यावर वर्गणी घेऊ नका एवढं एक वाक्य मी नक्की सांगितलं असतं. पण मीही त्याच कोडवर ५,००० रुपये पाठवले आणि काही बोललो नाही.

जानेवारी २०२४ पर्यंत यूपीआयने ६१२ नोंदींतून ८,४१,३५० रुपये आले. गणपतीत आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात रोख १,१२,००० जमले. उरलेला भार सरकारी मदत आणि दोन ट्रस्ट यांनी उचलला. ते पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात गेले, सरांच्या हातात आलेच नाहीत. फेब्रुवारीत प्रत्यारोपण झालं.

अडचण

त्याच फेब्रुवारीत सरांच्या घराच्या वरच्या मजल्याचा नवा स्लॅब टाकला गेला.

स्लॅबसाठी त्यांनी शिक्षक सोसायटीचं साडेचार लाखांचं कर्ज काढलं होतं. शिक्षकांच्या घरात हे नवीन नाही, निम्मी घरं सोसायटीच्या कर्जावरच उभी आहेत. पण ते गावाला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायचं कारणही नव्हतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गावाच्या ग्रुपवर स्लॅबचा फोटो आला. खाली एकच ओळ: “देणगी कुठं मुरली ते दिसतंय.” दोन दिवसांत तो फोटो शेजारच्या चार गावांच्या ग्रुपवर फिरला. पुण्यात सर हॉटेलात उतरायचे, घरचे सगळे फिरून यायचे, ही भर नंतर पडली. प्रत्यक्षात ते रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत मुलीच्या आईसोबत आणि आपल्या पत्नीसोबत राहिले होते.

शाळेत पालकसभेत एकाने उभं राहून विचारलं. सर रडले. ज्याने विचारलं त्याने स्वतः ५०१ रुपये दिलेले होते, म्हणजे विचारायचा हक्क त्याला होता. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आरोप करणाऱ्यांत काही जण निव्वळ काड्या करणारे होते, पण हिशोब मागणारा प्रत्येक माणूस वाईट नव्हता. सहा महिने पैसे गोळा झाले आणि एकदाही लेखी हिशोब बाहेर आला नव्हता.

समोरचे पर्याय

सरांच्या घरी त्या आठवड्यात जी चर्चा झाली ती त्यांनी मला नंतर सांगितली. गप्प बसावं, लोक विसरतील, असं त्यांच्या वडिलांचं मत. पोलिसांत बदनामीची तक्रार द्यावी, असं एका सहकाऱ्याचं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणत होत्या, की रुग्णालयाच्या पावत्या शाळेच्या फळ्यावर लावा आणि विषय संपवा. आज मागे वळून पाहताना वहिनींचं म्हणणं सगळ्यांत शहाणपणाचं होतं, पण ते कुणी धरून ठेवलं नाही.

चौथा पर्याय पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने दिला. त्याने हसन इलाही या अमेरिकेतल्या कलाकार-प्राध्यापकाची गोष्ट सांगितली. २००२ साली परदेशातून परतताना डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना संशयावरून अडवलं. पुढे कित्येक महिने चौकशी आणि खोटं पकडण्याच्या यंत्रावरच्या चाचण्या झाल्या. त्यातून सुटल्यावर इलाहींनी स्वतःच आपला ठावठिकाणा इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली: आत्ता कुठे आहे, काय जेवलो, कुठल्या विमानतळावर आहे, कुठलं स्वच्छतागृह वापरलं, याचे हजारो फोटो. माझ्यावर पाळत ठेवायचीच आहे ना, मग मीच सगळं देतो. “मामा, तुम्हीही तसंच करा,” भाचा म्हणाला. “लपवायला काही नाही, तर उघडं करायला काय हरकत आहे?”

या गोष्टीचा सरांवर फार परिणाम झाला. ज्याच्यावर चोरीचा आळ आलाय त्याला सगळं उघडं टाकण्याचा विचार किती सुटकेचा वाटतो, हे मी समजू शकतो. मात्र दोन फरक कुणाच्या लक्षात आले नाहीत. इलाहींवरचा संशय ते कधी कुठे होते याचा होता आणि त्यांनी उघडी केलेली माहितीही नेमकी तीच होती. शिवाय ते उघडं करत होते ते त्यांचं स्वतःचं: त्यांची थाळी, त्यांचा प्रवास. बँकेचं स्टेटमेंट तसं नसतं. त्यातली प्रत्येक ओळ दोन माणसांची असते, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची.

पहिला निर्णय: सगळं उघडं

१७ मार्च, रविवार. दुपारी सरांनी गुगल ड्राइव्हवर एक फोल्डर केलं आणि ‘लिंक असणाऱ्या कुणालाही पाहता येईल’ अशी परवानगी ठेवून लिंक सगळ्या ग्रुपवर टाकली. त्यात होतं: पगाराच्या खात्याचं चौदा महिन्यांचं पूर्ण स्टेटमेंट, पत्नीच्या खात्याचं स्टेटमेंट, पुण्यातल्या दिवसांचा फोनमधला ठावठिकाण्याचा नकाशा, रुग्णालयाची बिलं, आणि बिलांसोबत मुलीचे सगळे रिपोर्ट. सोबत त्यांनी लिहिलं होतं, “आजपासून माझं काहीही खासगी नाही. ज्याला जे बघायचं ते बघा.”

निर्णयाची खरी जागा हीच होती. दोन वाक्यांतलं पहिलं त्यांचं स्वतःचं होतं, दुसऱ्यात इतर सहाशेवर माणसं ओढली गेली. वहिनींना त्यांनी त्यांच्या स्टेटमेंटबद्दल विचारलं होतं का, असं मी नंतर विचारलं. सर म्हणाले, “सांगितलं होतं.” वहिनी म्हणाल्या, “सांगितलं होतं, विचारलं नव्हतं.”

काय झालं

पहिले दोन तास कौतुकाचे गेले. हिंमत लागते, असा माणूस होणे नाही, असे बरेच निरोप आले. मग लोक वाचायला लागले.

यूपीआयने आलेल्या प्रत्येक नोंदीत पाठवणाऱ्याचं नाव, यूपीआय आयडी आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. पुष्कळांचा आयडी म्हणजे मोबाइल नंबरच. कुणी किती दिले याची यादी संध्याकाळपर्यंत कुणीतरी काढली आणि फिरवली. एवढी वीस एकर बागायत आणि ५१ रुपये, असं एकाबद्दल. दुसऱ्या एका घरात सुनेने माहेरच्या कामाचे म्हणून साठवलेल्या पैशातून २,००० पाठवले होते, घरी न सांगता. ते सासऱ्यांनी यादीत वाचलं. पुढचे काही महिने तिचा फोन तिच्याकडे नव्हता. तिने एका आजारी मुलीला मदत केली होती, आणि तिच्या वाट्याला हे आलं.

वहिनींच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्याला ८०० रुपये गेलेले दिसत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वडील अचानक गेले, त्यानंतर त्यांनी उपचार सुरू केले होते. घरात सरांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सोमवारी सकाळी नळावर एका बाईने त्यांना विचारलं, “आता बरं वाटतंय का?” वहिनी त्या दिवसापासून तीन आठवडे घराबाहेर पडल्या नाहीत. आणि उपचारही थांबवले, कारण आता ऑनलाइन पैसे द्यायची भीती आणि रोख घेऊन जायचं तर एसटीत कोण भेटेल याची भीती.

मुलीच्या रिपोर्टमध्ये आई आणि वडील दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असल्याची नोंद होती. ती तशी असणारच. आजार मुलात पूर्ण रूपात यायला दोघांकडून तो वारसा यावा लागतो. वाहक माणूस आजारी नसतो. दोन वाहकांनी लग्न केलं तरच प्रश्न येतो आणि लग्नाआधी रक्ततपासणी केली की तेही कळतं. पण मुलीच्या आत्याचं लग्न जुळत आलं होतं. त्या घरात रक्ताचा रोग आहे, एवढंच समोरच्यांच्या कानावर गेलं. बोलणी थांबली. कारण त्यांनी दुसरं सांगितलं, पण वेळ बघता मला शंका नाही.

एप्रिलमध्ये सरांच्या सासूबाईंना फोन आला. बोलणाऱ्याला विम्याच्या हप्त्याची रक्कम पैशापर्यंत माहीत होती, तारीख माहीत होती, बँक माहीत होती. हप्ता परत आलाय, पॉलिसी बंद पडेल, फोनवर आलेला आकडा सांगा. ३८,००० गेले. मुलाने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला म्हणून २१,००० वाटेत गोठवले गेले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेलेच.

एवढं सगळं होऊन संशय मिटला का? नाही. दोन स्टेटमेंटं वाचून झाल्यावर पुढचा प्रश्न आला, की स्लॅबचे पैसे यात कुठून आलेले दिसत नाहीत, म्हणजे तिसरं खातं आहे. तिसरं खातं होतंच, शिक्षक सोसायटीचं. कर्ज तिथे जमा होऊन ठेकेदाराला तिथूनच चेक गेला होता. सरांच्या मते ते बँक खातं नव्हतं, म्हणून टाकायचं सुचलंच नाही. लोकांच्या मते ते लपवलं होतं. कुणी असंही म्हणालं, की पीडीएफ काय, बदलता येते. तेही खरंच आहे. ड्राइव्हवर टाकलेली फाइल बँकेने दिली तशीच आहे, हे नुसतं बघून कुणालाच कळत नाही.

नोकरीच्या काळात मी हे वेगळ्या रूपात पाहिलं होतं. कर्जासाठी आलेला माणूस गठ्ठाभर कागद टेबलावर ठेवायचा आणि आम्ही मात्र गठ्ठ्यात नसलेला कागद शोधत बसायचो. कितीही दाखवलं तरी दाखवलेलं तेवढंच आहे, हे दाखवता येत नाही. उलट जितकं जास्त दाखवावं तितका न दाखवलेल्याचा संशय वाढतो.

दुसरा निर्णय: फोल्डर बंद, मोजका पुरावा

२० मार्चला रात्री सरांनी मला घरी बोलावलं. “काका, आता काय करू? अजून काय दाखवू?” मी म्हणालो, आधी ते बंद करा. त्यांना पटेना. आता बंद केलं तर घाबरून पळाला म्हणतील. ही भीती रास्त होती. आम्ही रात्री अकरापर्यंत बोललो. शेवटी वहिनींच्या एका वाक्याने ठरलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, “लोक काय म्हणतील म्हणून उघडलं. आता लोक काय म्हणतील म्हणून उघडंच ठेवायचं का?” फोल्डर त्याच रात्री बंद झालं. बंद करताना कारणही लिहिलं: यात देणगीदारांची आणि रुग्णाची खासगी माहिती आहे, ती टाकणं माझी चूक होती, तपासलेला हिशोब पंधरा दिवसांत देतो.

मग आम्ही नेमका प्रश्न लिहून काढला. लोकांना खरं तर चार गोष्टी हव्या होत्या. आले किती, रुग्णालयात गेले किती, उरले किती, आणि स्लॅब कशातून. यातल्या एकाही उत्तराला वहिनींचा दवाखाना किंवा मुलीच्या आईचं रक्ततपासणीचं पान लागत नव्हतं.

तपासायला तिघं बसलो: मी, तालुक्याचे एक सीए, आणि पालकसभेत ज्यांनी प्रश्न विचारला ते पालक. त्यांना घ्यायचा आग्रह माझा होता. सरांना सुरुवातीला जड गेलं. पण आपल्याच बाजूच्या तिघांनी तपासलेला हिशोब गावात कोण मानणार?

फाइल बदलल्याच्या शंकेवर उपाय सोपा निघाला. सरांनी आमच्या समोर, सीएंच्या कार्यालयातल्या संगणकावर, बँकेच्या संकेतस्थळावरून स्टेटमेंट पुन्हा उतरवलं. अकाउंट ॲग्रिगेटरचाही विचार झाला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालची ती व्यवस्था आहे, खातेदाराच्या संमतीने बँकेकडून माहिती थेट जाते, मध्ये कुणाचा हात लागत नाही. पण माहिती घेणारी संस्था वित्तीय नियामकाच्या कक्षेतली असावी लागते. गावच्या तीन माणसांच्या समितीला ती दारं उघडत नाहीत. डोळ्यांदेखत उतरवणं हाच आमचा ॲग्रिगेटर.

पूर्ण स्टेटमेंट मी आणि सीए दोघांनीच पाहिलं. पगाराच्या खात्यात सगळं मिसळलेलं असल्याने घरखर्चाच्या ओळीही दिसल्या, त्याला इलाज नव्हता. पालकांना देणगीच्या नोंदींची वेगळी काढलेली यादी दिली आणि त्यांनी कुठलीही वीस पानं, कुठल्याही ओळी आम्हाला मूळ स्टेटमेंटशी ताडून दाखवायला सांगाव्यात असं ठरलं. त्यांनी दोन दिवस खरोखर एकेक ओळ विचारली.

देणगीदारांचं नाव न घेता देणगी कशी जाहीर करायची, यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. सीएंच्या कार्यालयातल्या एका मुलीने तोडगा सुचवला. यादीत फक्त तारीख, रक्कम आणि बारा आकडी संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे द्यायचे. ज्याने पैसे पाठवले त्याच्या फोनमध्ये तो क्रमांक असतोच. त्याला आपली ओळ सापडते. दुसऱ्या कुणाला ती कुणाची हे कळत नाही. काही ओळींचे चार आकडे सारखे आले, पण तारीख आणि रक्कम बघितली की वेगळ्या ओळखू येत होत्या.

या पद्धतीत एक मोठी ताकद आहे. सरांनी एखादी नोंद गाळली असती, तर ती नेमकी कुणाची हे सांगणारा माणूस गावात फोन घेऊन बसलेला होता. कुठली नोंद कोण तपासेल हे सरांना आधी कळणं शक्य नव्हतं. यादी लावल्यावर १४३ जणांनी आपली ओळ तपासून कळवलं. १४१ जुळल्या. उरलेल्या दोघांपैकी एकाचा व्यवहार अडकून पैसे त्याच्याच खात्यात परत गेले होते, त्याला पत्ताच नव्हता. दुसऱ्याने चुकून मुलीच्या वडिलांच्या नंबरवर पाठवले होते, तेही सापडले.

रुग्णालयाने आम्हाला काही सांगायला नकार दिला. बरोबरच केलं. मग मुलीचे वडील स्वतः गेले आणि जमा पावत्यांची शिक्का मारलेली यादी घेऊन आले. त्यात आजाराचं नाव नव्हतं, फक्त तारखा आणि रकमा.

हिशोब असा निघाला. एकूण जमा ९,५३,३५०. रुग्णालयाला ८,७५,०००. बाहेरच्या तपासण्या आणि औषधं ४६,२००. राहणं आणि प्रवास २१,९००, त्यातल्या ९,३०० रुपयांना पावती नाही. रिक्षा, एसटी, रुग्णालयाबाहेरचा चहा-नाश्ता. शिल्लक १०,२५०. पावती नसलेली रक्कम आम्ही ठळक अक्षरात लिहिली. सीए म्हणाले, ही ओळ असल्यामुळेच बाकीच्या ओळींवर विश्वास बसेल. तसंच झालं.

तिसऱ्या खात्याचा प्रश्न

आणखी कुठलं खातं नाही, हे कसं सिद्ध करायचं? पूर्णपणे करताच येत नाही. आम्ही तीन आधार एकमेकांना जोडले. पहिला, नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र, ज्यात सरांनी आपली सगळी खाती आमच्यापुढे नमूद केली. आमदारकी-खासदारकीला उभा राहणारा उमेदवारही मालमत्तेबद्दल हेच करतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मतदाराचा जाणण्याचा हक्क मान्य केल्यापासून त्याला मालमत्ता जाहीर करावी लागते, पण तो किराण्याची ओळ न ओळ देत नाही. तो शपथेवर आकडा देतो आणि खोटा ठरला तर शिक्षेला पात्र होतो. शपथेला वजन येतं ते त्या जबाबदारीमुळे.

दुसरा आधार आयकर विवरणपत्र, ज्यात देशातली वापरात असलेली सगळी बँक खाती लिहावी लागतात. तिसरा, आयकर खात्याचं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस. पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिलं हे बँका स्वतः कळवतात, त्यामुळे विसरलेलं खातंही तिथे डोकं वर काढतं. अडचण एवढीच, की आर्थिक वर्ष २०२३-२४ चं चित्र जूनच्या आधी पूर्ण होणार नव्हतं. आम्ही तसं लिहून टाकलं: हा भाग जूनमध्ये तपासू. जूनमध्ये तपासला. प्रतिज्ञापत्राबाहेरचं खातं दिसलं नाही. सोसायट्या आणि पतसंस्थांचं सगळंच तिथे दिसेल असं नाही, म्हणून शिक्षक सोसायटीचं कर्जमंजुरीचं पत्र आणि ठेकेदाराला दिलेल्या चेकची नोंद आम्ही वेगळी पाहिली. गावाला फक्त एवढं सांगितलं, की स्लॅब कर्जातून झाला आहे आणि तारीख-रकमा आम्ही पाहिल्या आहेत. कर्ज किती, हप्ता किती, हे सांगितलं नाही.

परिणाम

५ एप्रिलला एक पानाचा हिशोब आणि ६१२ ओळींची यादी शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली. खाली तिघांच्या सह्या. पालकांची सही सगळ्यांत वर होती. ग्रुपवर पुढे दोन-तीन दिवस खुसपटं निघाली, मग त्या पालकांनीच उत्तर दिलं, “मी ओळ न ओळ बघितली आहे. कुणाला शंका असेल तर माझ्याकडे या.” कुणी गेलं नाही. शिल्लक १०,२५० रुपये मुलीच्या पुढच्या तपासण्यांना दिले गेले. मुलगी शाळेत परत आली आहे.

पण फोल्डर साडेतीन दिवस उघडं होतं. तेवढ्यात किती प्रती उतरल्या हे सांगता येत नाही. ऑगस्टमध्येही ती यादी एका लग्नाच्या भांडणात पुन्हा बाहेर निघाली. वहिनींचे उपचार दिवाळीनंतर सुरू झाले, दुसऱ्या गावी. आत्याचं लग्न अजून नाही.

कायद्याचा आधार घ्यावा का, असं मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. पण त्याच कायद्यात एक कलम आहे: माणसाने स्वतः होऊन जाहीर केलेल्या माहितीला तो कायदा लागू होत नाही. सरांनी स्वतःबद्दल जे टाकलं त्याचं रक्षण त्यांनी स्वतःच सोडलं होतं. सुनेने, आत्याने, वहिनींनी मात्र काहीच जाहीर केलेलं नव्हतं. त्यांच्या वतीने दुसऱ्याने केलं, आणि तो दुसरा गावातला सगळ्यांत सज्जन माणूस होता. वडिलांनी विषय सोडून दिला. “सरांविरुद्ध मी कसा जाऊ,” म्हणाले.

आज काय वेगळं करता आलं असतं

पगाराचं खातं टाळणं ही पहिली गोष्ट. आधार दुरुस्तीला वेळ होता हे खरं, पण सर आणि मुलीची आई यांचं संयुक्त खातं, किंवा गावातल्या एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टचं खातं वापरता आलं असतं. गणेश मंडळंसुद्धा दरवर्षी वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी काढतात. जमेल तिथे देणगी थेट रुग्णालयाच्या खात्यातच पाठवायला सांगणं त्याहून चांगलं. जे पैसे सरांच्या हातात आलेच नाहीत, त्यांच्याबद्दल गावात कुणी अवाक्षर काढलं नाही, हे लक्षात घ्या.

दर महिन्याला चार आकड्यांची यादी लागली असती, तर मार्चमध्ये कुणाला विचारायला काही उरलंच नसतं. आता आमच्या तालुक्यात दुसऱ्या एका मुलासाठी निधी जमतो आहे, तिथे पहिल्या महिन्यापासून हे सुरू केलं आहे. आवाहनातच लिहिलं आहे, की तुमचं नाव कुठेही छापलं जाणार नाही, तुमची ओळ तुम्हाला सापडेल.

आरोप झाल्यावर निदान तीन दिवस काहीही टाकायचं नाही, एवढा नियम सरांनी पाळायला हवा होता. आणि टाकण्याआधी प्रत्येक पानावर बोट ठेवून विचारायचं, यात आणखी कोण आहे?

माझ्याकडून राहिलं तेही लिहितो. १७ मार्चच्या दुपारी लिंक मलाही आली होती. पाहिल्याबरोबर सरांना फोन करून बंद करायला सांगायचं, एवढं मला कळायला हवं होतं. आयुष्यभर लोकांच्या खात्यांची गुप्तता सांभाळायची शपथ घेऊन नोकरी केली होती. मी आधी फोल्डर उघडलं. स्टेटमेंट वाचत बसलो, चाळीस मिनिटं तरी. वहिनींच्या दवाखान्याची ओळ मी त्याच दुपारी पाहिली होती. हे मी त्यांना मजकूर वाचायला दिला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या, “हे काढू नका, काका. असू द्या.”